कूळ विचारलं आणि टेबल गप्प झालं : रवांडात शिकवायला आलेल्या एका झिंबाब्वेयन शिक्षकाचं प्रकरण

हे प्रकरण एका शिक्षकाचं म्हणून मांडलं असलं, तरी त्यातले तपशील एकाच माणसाचे नाहीत. झिंबाब्वेहून रवांडात शिकवायला जाणाऱ्यांच्या वाट्याला येणारे प्रसंग एकत्र करून ते बांधलं आहे. माणसांची, कॉलेजची आणि गावाची नावं गाळली आहेत. ज्यांच्याभोवती हे सगळं घडतं त्यांना इथे नुसतं 'सर' म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

रवांडाने 2008 साली शिक्षणाचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर आणायचं ठरवलं आणि 2009 साली तो देश राष्ट्रकुलात दाखल झाला. माध्यम कागदावर एका दिवसात बदलतं. फ्रेंचमधून शिकून तयार झालेले शिक्षक तसे बदलत नाहीत. इंग्रजीतून गणित-विज्ञान शिकवणाऱ्यांची चणचण पुढे कित्येक वर्षं राहिली. झिंबाब्वेत नेमकं उलटं होतं. प्रशिक्षित, इंग्रजीत मुरलेले शिक्षक भरपूर, पण चलन इतकं घसरलेलं की पगारात महिना निघेना. सप्टेंबर 2021 मध्ये किगालीत दोन्ही देशांची व्यापार परिषद झाली, तिथे अध्यक्ष पॉल कागामे यांनी शिक्षकांची मागणी केली. त्या वर्षअखेरीस करार झाला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये 154 जणांची पहिली तुकडी रवांडात पोचली.

आपले सर अशाच वाटेने आलेले. वय 41, मास्विंगो प्रांतातले, मातृभाषा शोना, माध्यमिक शाळेत गणित शिकवण्याचा पंधरा वर्षांचा अनुभव. नेमणूक रवांडाच्या दक्षिण प्रांतातल्या एका शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात, किगालीपासून बसने तीनेक तास. बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा आठ महिन्यांनी यायचे होते.

सरांची तयारी बहुतेक कागदपत्रांची होती : प्रमाणपत्रं, वैद्यकीय दाखला, अभ्यासक्रमाच्या प्रती. देश आफ्रिकेतला, भाषा आपल्याच बांटू कुळातली, कामाची भाषा इंग्रजी. तेव्हा जुळवून घ्यायला फार काही लागणार नाही असं त्यांनी गृहीत धरलं होतं. सगळ्या प्रकरणाची मेख या गृहीतकात आहे. युरोपात जाणारा माणूस धक्क्याला तयार होऊन जातो. शेजारच्या घरात शिरावं तसं आपल्याच खंडातल्या देशात शिरणारा तयारी करत नाही.

पहिले तीन आठवडे

ज्या गोष्टींची धास्ती असते त्या चटकन सुटल्या. झिंबाब्वेत वाहनं डावीकडून चालतात, रवांडात उजवीकडून. रस्ता ओलांडताना चार दिवस मान चुकीच्या बाजूला वळली, मग सवय झाली. मोबाइलवरून पैशांचा व्यवहार तिकडे *151# ने व्हायचा, इकडे *182# ने होऊ लागला. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट साद्झा हा सरांचा रोजचा घास. तेच पीठ इथे 'कावुंगा' म्हणून मिळतं. पण ते वसतिगृहाच्या पंक्तीचं अन्न. सरांनी पहिल्या रविवारी शेजाऱ्यांना हौसेने कावुंगा वाढला. शेजाऱ्यांनी नीट खाल्ला, आणि पुढच्या वेळी येताना स्वतःच बटाटे, उकडलेली केळी आणि घेवड्याची उसळ घेऊन आले. आंबवलेलं दूध मात्र दोन्हीकडे लाडकं निघालं. इथे ते दुधाच्या दुकानात बसून पेल्याने पितात, तिकडे साद्झावर ओतून खातात.

अडखळायला झालं ते बारीक गोष्टींत. सर भाजलेलं कणीस खात रस्त्याने चालत गेले. रवांडात मोठ्या माणसाने रस्त्यात खाणं हलकं समजतात, विद्यार्थिनी तोंडावर हात धरून हसल्या. पालकसभा किती वाजता, असं विचारल्यावर पहारेकऱ्याने मोडक्या इंग्रजीत 'दोन' सांगितलं. सर दुपारी दोनला हजर झाले तेव्हा सभा केव्हाच आटोपली होती. रवांडात बोलताना तास सूर्योदयापासून मोजण्याची स्वाहिली पद्धत चालते : सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. यावर उपाय सोपा आहे. वेळ ऐकली की तिच्यात सहा मिळवायचे, आणि खात्रीसाठी कागदावर '08:00' असं लिहून समोर धरायचं.

कॉलेजचा व्हॉट्सॲप गट किन्यारवांडा भाषेत चालायचा. वेळापत्रकातला बदल, कुणाच्या घरचा मृत्यू, लग्नाची वर्गणी, सगळं तिथेच. सर गटात होते, पण त्यांना कळत काहीच नव्हतं.

चहाच्या टेबलावरचा प्रश्न

शोना लोकांत प्रत्येकाला 'मुतुपो' असतो, म्हणजे कुळाचं प्राणिचिन्ह : सिंह, माकड, झेब्रा, हृदय. मराठी वाचकाला देवक आठवेल, आणि ते बरोबरच आहे. समान मुतुपोत लग्न होत नाही, जसं समान देवकात होत नाही. अनोळखी माणूस भेटला की त्याचा मुतुपो विचारायचा आणि पुढे त्याच नावाने त्याला आदराने हाक मारायची. दोन मिनिटांत परका माणूस मामा, भाचा किंवा धाकटा भाऊ ठरतो.

तिसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत पाच-सहा जण टेबलाभोवती होते. पन्नाशीचे एक भौतिकशास्त्राचे शिक्षक सरांशी सगळ्यात जास्त बोलायचे; त्यांनीच थर्मासमधून चहा ओतून दिला. सरांना वाटलं, आता यांना नीट नावाने हाक मारायला हवी. त्यांनी हसत इंग्रजीत विचारलं, "तुमचं कूळ कोणतं? तुमचे लोक कोण?" उत्तर येईना, म्हणून शेजारच्या दोघांनाही तेच विचारलं. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी कप बशीत ठेवला. कुणीतरी म्हणालं, पाऊस येणार बहुतेक. घंटा व्हायला दहा मिनिटं बाकी असताना टेबल रिकामं झालं.

बेल्जियन राजवटीने 1930 च्या दशकात रवांडातल्या ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी, त्वा अशी वांशिक गटाची नोंद सुरू केली. 1994 सालच्या तुत्सींच्या नरसंहारात रस्त्यारस्त्यांवरच्या नाक्यांवर तेच कार्ड पाहून माणसं मारली गेली. एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत आठ ते दहा लाख. नंतर ती नोंद काढून टाकली. आज 'तुमचे लोक कोण' या प्रश्नाभोवती दुःख आहे आणि कायद्याचा धाकही आहे. टेबलावर बसलेल्यांत कोण वाचलेला, कोणाचा भाऊ तुरुंगात, कोण परदेशी छावणीत वाढून परतलेला, हे एकमेकांना कदाचित माहीत असेल, पण ते चहाबरोबर बोललं जात नाही. दुर्दैव असं की रवांडातही जुनी कुळं आहेत, त्यांनाही प्राणिचिन्हं आहेत, आणि एकाच कुळात हुतू, तुत्सी, त्वा असे तिघेही सापडतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सरांच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं असतं.

सर मास्विंगोऐवजी बुलावायोचे असते तर कदाचित त्यांनी इतक्या सहज विचारलं नसतं. 1980 च्या दशकात बुलावायोच्या आसपासच्या माताबेलेलँडमध्ये गुकुराहुंडीत, म्हणजे सरकारी फौजेने केलेल्या एन्देबेले लोकांच्या हत्याकांडात, जे झालं, त्याविषयी तिथल्या घरांतही वर्षानुवर्षं असंच मौन आहे.

अडचण नेमकी कोणती होती

त्या दिवसानंतर सरांशी कुणी भांडलं नाही. नमस्कार होत राहिले, हस्तांदोलन होत राहिलं. फक्त बोलावणी थांबली. काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं तर तोच विषय काढावा लागला असता. सरांनी आपल्या परीने अर्थ लावला : हे लोक परक्यांना जवळ करत नाहीत.

यात पगाराची भर पडली. ऑगस्ट 2022 मध्ये सरकारने प्राथमिक शिक्षकांचे पगार 88 टक्के आणि माध्यमिकचे 40 टक्के वाढवले होते. वाढ ताजी होती आणि कुणाला किती यावर सगळ्यांचा डोळा होता. परदेशी शिक्षकाला दुप्पट मिळतं अशी कुजबुज होती. खरा आकडा कॉलेजने कधी सांगितला नाही, सरांनीही नाही.

वर्गातही तिढा होता. "कुणाला समजलं नाही?" यावर 38 पैकी एकही हात वर व्हायचा नाही. सरांनी आपल्या पद्धतीने फळ्याजवळ बोलावून सर्वांसमोर चुका दाखवायला सुरुवात केली. हात तर वर झाले नाहीतच, वर्ग आणखी गप्प झाला. चार महिन्यांनी त्यांनी बदलीचा अर्ज लिहून ठेवला. अर्जात कारण 'कौटुंबिक' असं होतं.

समोर असलेले पर्याय

उपप्राचार्य बाईंच्या हातात तो अर्ज आला तेव्हा चार वाटा होत्या.

परत जाणं. यात सरांचा पैशांचा हिशेब बसत नव्हता; मागे सोडलेली नोकरी परत मिळेलच असंही नव्हतं.

किगालीला बदली. तिथे झिंबाब्वेयन माणसं जास्त, इंग्रजी जास्त, रविवारी एकत्र जेवण. हा पर्याय सरांना सर्वांत आवडता होता आणि वाईट नव्हताच. पण मुलाला घेऊन राहायचं तर घरभाडं इथल्यापेक्षा बरंच जास्त, आणि तोच प्रश्न तिथल्या दुसऱ्या टेबलावरही विचारला गेला असता, कारण मूळ चूक अजून त्यांना कळलीच नव्हती.

मान खाली घालून करार पुरा करणं. बरेच जण हेच करतात. एकट्या माणसाला जमतं. बायको-मुलगा येणार असताना ते त्यांच्यावरही लादलं जातं.

चौथी वाट, थांबून दुरुस्ती. यातही पोटप्रश्न होता : सगळ्यांसमोर माफी मागायची का? सरांचा कल तिकडे होता, उघड चूक तर उघड माफी. बाईंनी ठाम नकार दिला. माफी मागताना विषय पुन्हा टेबलावर येतो, आणि "काही हरकत नाही" म्हणणाऱ्याचा चेहरासुद्धा बाकीचे वाचतात. या प्रकरणात त्यांचा हा निर्णय सगळ्यांत मोलाचा होता, आणि बाहेरच्या माणसाला तो सुचला नसता.

काय केलं

आधी बाईंनी सरांना बंद दाराआड घडलेल्या गोष्टीचा अर्थ सांगितला. सोबत न विचारायच्या प्रश्नांची यादी दिली. कूळ आणि गट तर नाहीच, पण साधे वाटणारे इतर प्रश्नही : लहानपण कुठे गेलं, आईवडील हयात आहेत का, 1994 साली तुम्ही कुठे होतात. युगांडात वाढलो, बुरुंडीत वाढलो, काँगोत होतो, या प्रत्येक उत्तरातून ऐकणारा काहीतरी ताडतो. "माणूस आपण होऊन सांगतो, तेव्हा ऐकायचं. पुढचा प्रश्न विचारायचा नाही," असं त्या म्हणाल्या. विचारायला मग उरतं काय? शेत, पाऊस, मुलांचा अभ्यास, रस्ता, फुटबॉल. पुष्कळ उरतं.

मग भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची एकट्याने भेट. ठरवून दोनच वाक्यं : "माझ्या गावी तो प्रश्न आदराने विचारतात. इथे तो किती जड आहे हे मला आता कळलं." त्यापुढे खुलासा नाही. शिक्षकांनी मान हलवली आणि मुलगा कधी येणार ते विचारलं.

भाषेसाठी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाशी अदलाबदल ठरली : आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास किन्यारवांडा, बदल्यात त्याच्या मुलीला गणित. सुरुवात व्याकरणाने केली नाही. पहिल्या महिन्यात सकाळ-दुपारचे नमस्कार, वेळ, भाव आणि सांत्वनाची वाक्यं. रोज गटातला एक संदेश वाचून अर्थ लावायचा. शोनामुळे 'म्वाना', 'न्यामा', 'इम्ब्वा' असे मूल, मांस, कुत्रा यांचे शब्द आयतेच मिळाले. अडचण क्रियापदांच्या उपसर्गांनी केली, ती वर्षभर राहिली.

गावात शिरायचा दरवाजा होता उमुगांडा. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी 8 ते 11 देशभर श्रमदान होतं. 18 ते 65 वयाच्या रहिवाशांनी यायचं असतं. सर पहिले तीन महिने घरी झोपून होते, आपल्याला लागू नाही असं समजून. आता ते आधी उमुदुगुडुच्या, म्हणजे सर्वांत खालच्या प्रशासकीय वस्तीच्या, प्रमुखाला घरी जाऊन भेटले आणि मग कुदळ घेऊन गेले. हा क्रम महत्त्वाचा आहे. ओळख न देता गेलेला माणूस तीन तास गटार उपसून परत येतो. आधी भेटून गेलेल्याची ओळख कामानंतरच्या सभेत प्रमुख स्वतः करून देतो. त्या दिवशी पुलाजवळची चारी साफ झाली आणि सभेत कळलं की चार महिने शेजारी सरांना पाहुणा इंजिनिअर समजत होते.

वर्गासाठी बदल छोटा होता. प्रश्न टाकल्यावर तीन मिनिटं जोडीने बोलायचं, हव्या त्या भाषेत. मग एकाने इंग्रजीत सांगायचं, 'आम्हाला असं वाटतं' म्हणून. तासाच्या शेवटी प्रत्येकाने बिननावाच्या चिठ्ठीवर एक शंका लिहायची. चूक दाखवायची ती वहीत. पहिल्या दिवशी चारच चिठ्ठ्यांवर खरी शंका होती. सत्र संपेपर्यंत निम्म्याहून जास्त भरून येऊ लागल्या. बहुतेक शंका गणिताच्या नव्हत्याच, प्रश्नातल्या इंग्रजीच्या होत्या.

सातव्या महिन्यात सर कॉलेजच्या इकिमिनात गेले. इकिमिना म्हणजे भिशीच : वीस जण, आठवड्याला 2,000 फ्रँक, पाळीपाळीने रक्कम. आधी त्यांनी दोनदा नकार दिला होता, पैसे बुडतील या भीतीने. ती भीती अनाठायी नव्हती. मधेच करार संपून गेलेला परदेशी माणूस भिशी अडचणीत आणतो, हे बाकीच्यांनाही दिसत होतं. तोड अशी निघाली की सरांनी आपली पाळी सर्वांत शेवटी घ्यायची. त्यामुळे बुडालेच तर सरांचे बुडणार होते, आणि या एका अटीने त्यांच्याविषयीचं मत इतर कशापेक्षाही जास्त बदललं.

एप्रिलचा पेच

7 एप्रिलपासून 1994 च्या नरसंहाराचा स्मरणसप्ताह असतो. लग्नं, गाणीबजावणी बंद, वस्तीवस्तीत दुपारच्या सभा. पुढे शंभर दिवस स्मरणकाळ चालतो. झिंबाब्वेचा स्वातंत्र्यदिन 18 एप्रिलला, सप्ताह संपल्यावर पण स्मरणकाळाच्या आत. जिल्ह्यातल्या चौघा झिंबाब्वेयन शिक्षकांनी मांस भाजून, स्पीकर लावून साजरा करायचं ठरवलं होतं. नियमाने बंदी नव्हती. सरांनी वस्तीप्रमुखाला विचारलं. तो "तुमचा सण आहे, करा" म्हणाला. तोवर सरांना अशा होकाराचं वजन ओळखता येऊ लागलं होतं. जेवण झालं, दुपारी, घरात, स्पीकरशिवाय. चौघांतला एक जण नाराज झाला. त्याचं म्हणणं, आपण किती लपून राहायचं? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला या प्रकरणात उत्तर मिळालेलं नाही.

कुटुंब आल्यावर

मुलाने सहा महिन्यांत खेळाच्या मैदानावर किन्यारवांडा उचलली आणि तो घरचा दुभाषा झाला. बाजारात भाव तो करायचा, भाडेकराराचं बोलणंही एकदा त्यानेच केलं. हे शेवटचं थांबवलं. मोठ्यांच्या वादात मुलाला मध्ये उभं करणं बरं नव्हे. शोनात बोललं की तो किन्यारवांडात उत्तर द्यायचा. शेवटी रात्रीचं जेवण फक्त शोनातून, असा नियम झाला, आणि तो जेमतेम पाळला जातो.

बायकोचं कठीण गेलं. ती नर्स, नोंदणीची कागदपत्रं अडकली, दिवसभर घरात, भाषा नाही. नवऱ्याला भेटलेली उपप्राचार्य बाईंसारखी व्यक्ती तिला भेटली नाही. चर्चच्या गायकवृंदात ती गेली तेव्हा कुठे तिला स्वतःच्या चार ओळखी झाल्या.

निष्पत्ती

बदलीचा अर्ज मागे घेतला गेला. सर अजून त्याच कॉलेजात आहेत, लग्नांच्या वर्गणीच्या बैठकांना त्यांना बोलावणं येतं. भौतिकशास्त्राचे शिक्षक सौजन्याने वागतात, मुलाची चौकशी करतात. चहाला मात्र दुसऱ्या टेबलावर बसतात. पगाराची कुजबुज थांबलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चार महिने वाया गेले ते मौनामुळे. तिसऱ्याच आठवड्यात कुणीतरी एकाने पाच मिनिटं बाजूला घेऊन सांगितलं असतं तर अर्जापर्यंत गोष्ट गेली नसती. पण 'कुणीतरी' सांगत नसतो. ते एका ठरावीक माणसाचं काम म्हणून नेमून द्यावं लागतं. तो नव्या माणसाचा थेट वरिष्ठ नसावा, नाहीतर शंका विचारल्या जात नाहीत.

नव्या शिक्षकाच्या हातात पहिल्या दिवशी एक पान द्यावं : न विचारायचे प्रश्न, तास मोजण्याची पद्धत, उमुगांडाचा शनिवार आणि वस्तीप्रमुखाचा फोन, एप्रिलमधले दिवस. पान देताना कुणीतरी समोर बसावं. नुसतं ईमेलने पाठवलेलं पान वाचलं जात नाही.

यजमान शिक्षकांची तयारी तर कुणीच केली नव्हती. झिंबाब्वेत कूळ विचारणं हा नमस्काराचाच भाग आहे, एवढं त्यांना आधी माहीत असतं तर टेबल उठून गेलं नसतं. कुणीतरी हसून "इथे नको" म्हणालं असतं. शिवाय परदेशी शिक्षकाला पगार आणि घरभत्ता कोणत्या नियमाने मिळतो ते प्राचार्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकावं. आकडा खरोखर जास्त असला तरी सांगावा. कुजबुजीतला आकडा नेहमी त्याहून मोठाच असतो.

जोडीदाराच्या व्यावसायिक नोंदणीचे कागद कुटुंब निघायच्या आधी, मूळ देशात असतानाच सुरू करावेत. तिथली परिषद, विद्यापीठ, शिक्के हे सगळं तिथे लवकर होतं, आणि इथून करायला गेलं की वेळ जातो.

वर्गातला बदल मात्र पहिल्याच आठवड्यात करता आला असता. त्याला ना भाषा लागत होती, ना ओळख, ना कुणाची परवानगी; चिठ्ठ्यांचे कागद पहिल्या दिवसापासून कपाटात होते.